तुझ्या सहीविषयी

चि. सौ. कन्येस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा फोनवर आपल्या जमिनीच्या वाटपाचा विषय निघाला तेव्हा तू एवढेच म्हणालीस, "अण्णा, कुठे सही करायची ते सांगा, मला काही नको." शेजारी बसलेल्या भावकीतल्या माणसांना बरे वाटले, मला मात्र त्या रात्री झोप लागली नाही. 2007 साली सासवडच्या दुय्यम निबंधक कार्यालयात हक्कसोडपत्रावर सही करताना तुझ्या आत्याच्या तोंडीही हेच शब्द होते.

आत्याला कोणी धाक दाखवला नव्हता. बहिणीने जमिनीत वाटा मागितला की माहेर तुटते, हे तिच्या मनावर लहानपणापासून इतके बिंबले होते की वेगळे सांगण्याची गरजच उरली नव्हती. मी तिची साडीचोळीने ओटी भरली आणि रीत पाळली असे समजलो. वास्तविक 9 सप्टेंबर 2005 पासून वडिलोपार्जित जमिनीत मुलीला जन्मतः मुलाइतकाच हक्क मिळाला होता, आणि त्या दिवशी वडील हयात असण्याचीही अट नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2020 साली स्पष्ट केले. त्या वेळी मला कायदा ठाऊक नव्हता, पण तो विचारून घ्यावा असेही मला वाटले नव्हते. पुढे यजमानांच्या आजारपणात आत्याने दागिने मोडले, तरी जमिनीचा शब्द तिने माझ्यापाशी काढला नाही.

म्हणून विचारतो, "मला काही नको" हे तुझे म्हणणे आहे की गावाचे? मिठ्या बहारात, म्हणजे उन्हाळी हंगामात, अंजिरे उतरवायची असत तेव्हा पहाटे पाटीत पाने अंथरायला दादाच्या आधी तू उठायचीस. बारावीनंतर शेतकी महाविद्यालयात जायचे म्हणालीस, तर मुलीने शेतकी शिकून काय करायचे असे म्हणत आम्ही तुला वाणिज्य शाखेत घातले. तेव्हाही तू "चालेल" म्हणाली होतीस, आणि त्या शब्दाचा अर्थ मी माझ्या सोयीने लावला.

दादाच्या कष्टांचे मोल मी कमी करत नाही. बाग त्याने राखली आहे, आणि वाटप करताना त्याचा विचार झालाच पाहिजे. पण तो तुझ्यासमोर व्हावा, तुझ्या सहीच्या आडून नव्हे.

तहसीलदारांकडे द्यायचा वाटपाचा अर्ज मी थांबवला आहे. भावकीला काय सांगायचे ते मी पाहीन. वाटा हवा असेल तर सातबाऱ्यावर तुझे नाव लागेल, आणि नको असेल तर तेही मी मान्य करीन. जावईबापूंशी अवश्य बोल, मात्र उत्तर तुझे असू दे, आणि ते फोनवर देऊ नकोस. रविवारी हडपसरहून सकाळच्या एसटीने दिवे घाट चढून ये, आपण बागेत बसून बोलू. आत्यालाही मी बोलावले आहे.

तुझे,
अण्णा