यंदा लागवड उक्ती दिलीये

आई, अण्णा,

फोनवर काही सांगायला गेलं की अण्णा "बरं बरं" करून ठेवून देतात म्हणून लिहितेय, आई तू मोठ्यानं वाचून दाखव. यंदाची उन्हाळ कांद्याची लागवड मी उक्ती दिलीये, म्हणजे ठरलेल्या रकमेत सगळं काम त्यांच्याकडे, मुकादमाला ॲडव्हान्सपण गेला. अण्णा, तुमच्याच्यानं होत नाही असं मी म्हणत नाहीये हो, पण डॉक्टर छातीचं सांगत होते तेव्हा शेजारी मीच बसले होते ना.

उळं, म्हणजे कांद्याचं बी, ऑक्टोबरच्या मध्यात टाकलंय, म्हणजे डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात रोप 50 दिवसांचं होतंय, तेव्हाच लावून मोकळं व्हायचं. आपल्या निफाडात खरा कडाका डिसेंबरअखेर नि जानेवारीत, 2018 ला नाही का पारा दोनच्या खाली गेला नि सकाळी गवतावर पांढरं दंव गोठलेलं, तोवर रोपानं मूळ धरलेलं असलं की तग धरतं. वाफ्यात ठेवून ठेवून जाड झालेलं रोप लावलं की थंडीत डेंगळे, म्हणजे फुलांचे दांडे, निघतात, हे मला तुम्हीच शिकवलंय. आणि जानेवारी उलटून लावलं तर उन्हानं कांदा पोसत नाही, म्हणून घाई केली.

पाण्याच्या मोटारीला मोबाईल स्टार्टर बसवायचंही ठरवलंय, पैसे दिलेत. रात्रपाळीची लाईट असली तरी मोटार घरातून चालू होईल नि दारं धरून पाणी द्यायला गडी असेल.

लहानपणी तुम्ही रात्री पाणी भरून यायचात ना, तर मी जागीच असायचे, तुम्ही ते गारठलेले पाय माझ्या पायांना लावायचात नि मी किंचाळायचे, आई आतून ओरडायची. ते पाय किती गार असायचे ते आता कळतंय.

तर ऐका. बॅटरी घेऊन रात्री शेतात जायचं नाही, द्राक्षात शेकोट्या पेटवायला तर नाहीच, तो धूर तुम्हाला चालत नाही. इनहेलर उशाशी. आई, तूपण पहाटे गार पाण्यात धुणं काढू नकोस, गिझर लाव, बिल मी भरते.

लागवडीच्या दिवशी मी रजा टाकून येतेय. चिंचेकडच्या पहिल्या साऱ्यातलं पहिलं रोप अण्णांनीच लावायचं, फक्त ऊन वर आल्यावर, कानटोपी घालून.

तुमची,
ताई