घाट उतरताना न्यूट्रल नको

खंडाळ्याहून खोपोलीकडे उतरताना डिझेल वाचवायला अवजड ट्रक न्यूट्रलमध्ये, म्हणजे गिअर काढून, सोडले जातात. हा हिशेबच चुकीचा! आजच्या इंजिनांत गिअर असताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की डिझेल तसंही बंद होतं. न्यूट्रलमध्ये मात्र गाडीला मागे खेचून धरणारी इंजिनाची ओढ सुटते, सगळा भार ब्रेकवर येतो. चाकातले ब्रेकचे ड्रम तापतात, त्यावर घासणाऱ्या लायनरचा जळका वास सुटतो आणि ब्रेकच्या हवेचा दाब पुरेसा असूनही गाडी थांबत नाही. त्या वेगात खालचा गिअरही पडत नाही. म्हणून उतार लागण्याआधीच खालचा गिअर टाकावा, एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनाचा धूर अडवून वेग कमी करणारा) लावावा, पायाचा ब्रेक सतत दाबून ठेवू नये. तापलेल्या ड्रमवर पाणी ओतू नये, तडा जातो. घाटमाथ्यावर ब्रेक तपासणीचा सक्तीचा थांबा हवा, आणि जादा माल भरणाऱ्या मालकालाही दंड हवा.

– एक वाचक, खोपोली