ब्लाऊजचे क्लास गल्लोगल्ली, बुटाचा एकही नाही

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

भारतीय पायांसाठी ‘भा’ नावाची नवी मापपद्धत येणार, ही बातमी आली तेव्हा आमच्या चाळीतल्या दोघींनी मला जिन्यातच गाठलं. ‘‘झालं की तुमच्या मनासारखं!’’ मी ब्लाऊज शिवते, तोच माझा धंदा. पण हल्ली स्वतःच्या पायातले बूट मी स्वतःच करते, हे आता अख्ख्या मजल्याला माहीत आहे, म्हणून ही चौकशी.

बातमी चांगलीच आहे. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने देशभरातल्या लाखाहून अधिक लोकांचे पाय स्कॅनरवर मोजले आणि त्यावरून आठ गट सुचवले. आज आपण वापरतो ते इंग्रजांचे नंबर. त्यात एका नंबरापासून पुढच्या नंबरापर्यंत इंचाचा तिसरा हिस्सा वाढतो, म्हणजे साधारण साडेआठ मिलिमीटर, आणि तो मोजायचा लांबीत. रुंदीसाठी तिकडे वेगळी अक्षरं छापतात. आपल्याकडे नंबर आले, अक्षरं मात्र दुकानात सहसा दिसत नाहीत. आपले पाय चवड्याला पसरट असतात हे चपलेच्या दुकानात काम करणारा पोरगाही सांगेल. पण खोक्यावर आकडा एकच.

माझा पाय लांबीला पाच नंबर, रुंदीला सात. उजव्या अंगठ्याच्या मुळाशी हाड बाहेर आलंय, डॉक्टर त्याला इंग्रजीत ‘बनियन’ (bunion) म्हणतात. सात नंबर घेतला की टाच निसटते, पाच घेतला की करी रोडचा पूल चढेपर्यंत हाड ठणकायला लागतं. दुकानदाराचं उत्तर ठरलेलं, ‘‘वापरून सैल होईल, मावशी.’’ चामडं थोडंफार सैल होतं, हे खरं. रेक्झिन होत नाही. ते दुमडतं त्या जागी तडकतं आणि वर जखम करतं.

तेव्हा मनात आलं, गिऱ्हाइकाच्या एका खांद्यात अर्ध्या इंचाचा फरक असला तरी आपण तो ब्लाऊजमध्ये सांभाळून घेतो, मग पायाचं एवढं काय? मुलाला पाठवलं. कामाठीपुऱ्यातल्या डेढ गल्लीत शुक्रवारी पहाटे जुन्या बुटांचा बाजार भरतो, तिथून त्याने दोन जोड आणले आणि मी ते उसवले. शिवणारी बाई कुठलीही गोष्ट शिकते ती उसवूनच. आत काय काय निघालं! टाचेभोवती चामडं आणि अस्तर यांच्यामध्ये एक कडक वाटी, चवड्याच्या टोकाला तसंच एक कडक टोपण, आणि तळाच्या मधल्या कमानीत लोखंडाची बारीक पट्टी. बूट उभा राहतो तो या तिघांच्या जिवावर, वरचं चामडं नुसतं दिसायला. मोबाइलवरचे व्हिडिओही पुष्कळ पाहिले. बोलणं सगळं इंग्रजीत, तरी हात कळत होते.

सगळ्यात मजा वाटली ती कटिंगची. बूट ज्यावर घडवतात त्या पायाच्या आकाराच्या ठोकळ्याला बाजारात फर्मा म्हणतात. त्याच्यावर कागदी चिकटपट्टी आडवी-उभी गच्च लावायची, तिच्यावर पेन्सिलने बूट काढायचा, मग मधोमध चिरून ती साल सोलायची आणि पुठ्ठ्यावर सपाट पसरायची. ती सपाट बसत नाही. कडेला उचलते, तिथे कात्री मारावी लागते. आमचे टक्स म्हणजे दुसरं काय असतं? गोलाई कापडात आणायची तर टक्स घालायचे, गोलाई सपाट करायची तर तेच टक्स उघडायचे. एवढं हाताला कळलं आणि माझी भीती निम्मी गेली.

राहिलेली निम्मी चामड्याने घालवली. सायनला उतरून धारावीत गेलं की तयार चामड्याची दुकानं आहेत. पूर्वी चामडं कमावण्याचं कामही धारावीतच चालायचं, तामिळनाडूतून आलेल्या लोकांनी ते तिथे उभं केलं. आता माल चेन्नई, कानपूर, कोलकात्याहून येतो. चामडं मीटरवर नाही, चौरस फुटावर मिळतं, आणि जनावराच्या आकारातच येतं, त्यामुळे कुठून काय कापायचं हे आपणच बघायचं. पाठीकडचा भाग घट्ट, पोटाकडचा ओढला की लांबतो. बुटाचा वरचा भाग असा ठेवायचा की टोकापासून टाचेकडे तो ताणला जाऊ नये. कापडाचा उभा धागा आणि उरेप, म्हणजे तिरपी ताणणारी बाजू, मला झोपेत कळतो, तो इथे बोटांनी ओढून शोधावा लागला. शिवण तर अगदी उलटी. कापडात टाका बारीक तेवढा चांगला. चामड्याला पडलेलं भोक बुजत नाही, टाके दाट घातले तर बरोबर त्या रेषेवर ते फाटतं.

इथवर घरच्या घरी जमलं. पुढे अडलं ते फर्म्यापाशी, आणि खरं तर त्यासाठीच हे पत्र. फर्मे विकणाऱ्यांची गिऱ्हाइकं म्हणजे कारखानदार. ते नंबरवार संच घेतात. मला एकच जोडी हवी म्हटल्यावर दुकानदाराने आधी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या पिशवीकडे. शेवटी कुणीतरी ठक्कर बाप्पा कॉलनीचं नाव सांगितलं. कुर्ला-चेंबूरच्या मध्ये पसरलेली ही वस्ती बुटांच्या कारखान्यांची. राजस्थानातून आलेली कितीतरी कुटुंबं तिथे पिढ्यान् पिढ्या हेच करतात. पोटमाळ्यावर बसून काम करणारे एक वयस्कर कारागीर मला शिकवायला तयार झाले. मी त्यांना काका म्हणते.

काकांनी पहिल्या दिवशी चामड्याला हातच लावू दिला नाही. माझे दोन्ही पाय कागदावर उभ्याने आखून घेतले, बसून नाही, कारण वजन पडलं की पाय पसरतो. शिवाय संध्याकाळी बोलावलं होतं, दिवसभराने पाय थोडा सुजलेला असतो म्हणून. मग टेपने चवड्याचा घेर, मधल्या उंचवट्याचा घेर, टाचेपासून वळसा. ‘‘ताई, लंबाई तो सब पूछते हैं, घेर कोई नहीं पूछता,’’ एवढंच बोलले. नंतर पाच नंबरचा जुना फर्मा काढला आणि माझं हाड जिथे आहे नेमक्या त्याच जागी चामड्याचा तुकडा सोल्युशनने, म्हणजे बुटाच्या गोंदाने, चिकटवला. वाळल्यावर कानशीने कडा घासत घासत असा उतरवला की बोट फिरवलं तर जोड लागेना. डाव्या फर्म्याला काही नाही, उजव्याला टेंगूळ. तो फर्मा बघून मला जरा लाजल्यासारखंच झालं, पण माझा पाय आहे तसा कुणीतरी पहिल्यांदाच बघितला होता. आठ काय, ऐंशी गट केले तरी ते टेंगूळ कुठल्याही तक्त्यात बसणार नाही.

फर्म्यावर चामडं ओढणं हा या कामातला सगळ्यात अवघड भाग. आधी टोकाला पक्कड लावून ओढायचं, तात्पुरता खिळा, मग दोन्ही बाजू, मग टाच. टोकाच्या गोलाईवर चुण्या येतात, त्या बारीक बारीक करत तळाखाली जिरवायच्या. काकांचा अंगठा त्या चुण्यांवरून असा फिरतो की बघत राहावं. मग फर्म्यावरच ते निदान एक-दोन दिवस राहू द्यायचं. घाईने काढलं तर आकार बसत नाही. सोल्युशन दोन्ही बाजूंना लावून, ते बोटाला चिकटेनासं होईपर्यंत थांबून, मगच दाबायचं, आणि खिडकी उघडी ठेवून. त्या वासाने डोकं धरतं.

वासावरून आठवलं. शेजारी एकदा कुणीतरी नाकाला पदर लावून विचारलं, ‘‘घरात चामड्याचा वास येत नाही का?’’ लालबागच्या मसाला गल्लीपासून चार पावलांवर राहणाऱ्यांनी वासाविषयी बोलू नये, असं मी म्हटलं आणि विषय संपवला. पण प्रश्न वासाचा नव्हताच, हे तिलाही ठाऊक होतं आणि मलाही. ‘‘ब्लाऊज शिवतेस ते ठीक आहे गं, पण हे?’’ हे वाक्य मी जवळच्या नात्यातूनही ऐकलं. सुई तीच, दोरा तोच, कात्री तीच. कापडावर चालली तर गृहोद्योग, चामड्यावर चालली तर जात. नगरसेवकाच्या वाढदिवसाला बायकांना शिलाई मशिनं वाटतात, महिला मंडळात शिवणक्लास असतो, लालबाग-परळमध्ये प्रत्येक गल्लीत फॅशन डिझायनिंगची पाटी आहे. चामडं टोचायची आरी आणि कापायची रापी वाटल्याचं कुणी ऐकलंय? २०२५ च्या जूनमध्ये मिलानच्या शोमध्ये प्राडाने कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या तेव्हा आपण सगळे केवढे संतापलो! संताप रास्तच होता. २०१९ साली कोल्हापुरीला भौगोलिक मानांकन मिळालंय, महाराष्ट्राचे चार आणि कर्नाटकचे चार जिल्हे त्यात आहेत. पण ती चप्पल शिवायला शिकावी असं त्या संतापलेल्यांपैकी कितीजणांच्या मनात आलं?

काकांचा मुलगा मोटारसायकलवरून जेवणाची पार्सलं पोचवतो. त्याला हे काम नको आहे, आणि त्यात त्याचं काहीही चुकलेलं नाही. जोडीमागे मजुरी, ऑर्डर नसेल तेव्हा हात रिकामे, वर माणसं हिणवणार ते वेगळंच. ‘परंपरा टिकवा’ असं त्याला सांगणारे आपण कोण? टिकवायचीच असेल तर ती एकाच समाजाच्या पाठीवर का? मी शिकले, तसं दुसऱ्या कुणालाही शिकता यावं.

शिकायला जागा आहेत, पण माझ्यासारखीसाठी नाहीत. आयटीआयच्या यादीत ‘फुटवेअर मेकर’ हा एक वर्षाचा ट्रेड आहे, तो दिवसभराचा आणि पोरांसाठी. नोएडाच्या फुटवेअर डिझाइन संस्थेत पदव्या मिळतात. संत रोहिदास चर्मोद्योग व चर्मकार विकास महामंडळ १९७४ पासून आहे, त्याचं काम त्या समाजासाठी आणि ते तसंच असायला हवं. मी म्हणते ते याहून साधं आहे. गिरणगावात रात्रशाळांनी गिरणी कामगार शिकवले. महापालिकेच्या शाळांचे वर्ग आजही संध्याकाळी रिकामे असतात. आठवड्यातून दोन संध्याकाळी, सुरुवातीला तीन-चार शाळांत, बूट-चपला करण्याचा वर्ग चालवावा. सामान फार लागत नाही. रापी, आरी, पकडी, हातोड्या, कानशी, तीन पायांची लोखंडी ऐरण, वेगवेगळ्या नंबरांचे फर्मे आणि बूट शिवायचं एक उंच खांबाचं मशीन. हवा खेळती असलेली खोली मात्र हवीच. महामंडळ आणि पालिका दोघांनी मिळून हे केलं तर उत्तम.

आणि शिकवायला ठक्कर बाप्पा कॉलनीतले, धारावीतले कारागीर घ्यावेत. तासावर मानधन द्यावं, ते शिवणक्लासच्या बाईंपेक्षा कमी नसावं. त्यांच्याकडे बी.एड. मागू नये, दाखलाही मागू नये. चार तासांत एक फर्मा समोरच्याच्या पायाच्या मापाला आणून दाखव म्हणावं, परीक्षा झाली. मधुमेहाने पायाची संवेदना गेलेल्यांसाठी, पोलिओ झालेल्यांसाठी असा बूट करून देणारी माणसं या शहराला किती लागतील, याचा विचार पालिकेच्या आरोग्य खात्यानेही करावा. हे काम माझ्या हातचं नाही, पण काकांच्या हातचं आहे, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

‘भा’ येईल तेव्हा येवो. तोवर कंपन्यांनी निदान खोक्यावर नंबराशेजारी चवड्याचा घेर मिलिमीटरमध्ये छापावा. ब्राच्या खोक्यावर दोन मापं असतात, मग बुटाच्या खोक्यावर का नकोत?

आणि एक. फर्मे जोडीने विकणारं एखादं दुकान मुंबईत कुणाला माहीत असेल, तर कृपया याच सदरातून कळवावं. माझ्या धाकट्या जावेलाही आता बूट करायचे आहेत, तिचा पाय तर माझ्याहून तिरका आहे.

आपली,
एक वाचक, लालबाग