एफपीजीएचा प्रयोग फ्लॅशपर्यंत न्यावा

संपादक महोदय,

उन्हाळी सत्राच्या शेवटी नागपूरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत अंतिम वर्षाच्या प्रकल्पांच्या तोंडी परीक्षा होतात. एफपीजीएवरचे, म्हणजे हवं ते सर्किट पुन्हा पुन्हा भरता येणाऱ्या चिपवरचे, प्रकल्प तेव्हा बरेचदा एकाच जागी अडतात. टेबल बदलताना बोर्डाची केबल निघते, पुन्हा लावली की बोर्ड कोरा. विद्यार्थ्याला वाटतं चिप गेली. चिप शाबूत असते. डिझाइन जेटॅगमधून (संगणकाच्या केबलवरून चिप भरण्याच्या जोडणीतून) थेट तिच्या एसरॅम या स्मृतीत भरलेलं असतं आणि वीज तुटली की ते पुसलं जातं. टिकवायचं तर ते शेजारच्या फ्लॅश चिपमध्ये लिहावं लागतं. प्रयोगवहीतला प्रयोग बहुधा त्याआधीच संपतो.

बेसिस ३ हा बोर्ड घ्या. त्यावरच्या आर्टिक्स-७ ३५टी चिपची बिट फाइल (चिपमध्ये भरायचं डिझाइन, म्हणजेच बिटस्ट्रीम) १,७५,३६,०९६ बिटांची असते, मग त्यात एक एलईडी लुकलुकवा नाहीतर अख्खा प्रोसेसर बसवा. ३२ मेगाबिटच्या फ्लॅशमध्ये ती आरामात मावते. बिटस्ट्रीम काढण्याआधी सेटिंगमध्ये एसपीआयची (फ्लॅश आणि चिप यांच्यातल्या जोडणीची) रुंदी ४ तारा आणि वेग ३३ मेगाहर्ट्‌झ ठेवावा. रुंदी १ राहिली आणि फ्लॅशमध्ये लिहायची एमसीएस फाइल मात्र चार तारांसाठी मागितली, तर व्हिवाडो हे डिझाइनचं सॉफ्टवेअर ती बनवतच नाही. रुंदी १ आणि वेग मूळचा ३ मेगाहर्ट्‌झ असेल तर चिप भरायला सुमारे सहा सेकंद लागतात. तेवढ्यात घाबरून लोक बोर्ड बंद करतात. चार तारा आणि ३३ मेगाहर्ट्‌झवर हेच काम सेकंदाच्या सातव्या-आठव्या हिश्शात होतं.

फ्लॅशचा क्रमांक यादीतून अंदाजाने निवडू नये. एकाच बोर्डाच्या वेगवेगळ्या खेपांत वेगळ्या कंपनीची फ्लॅश असते, म्हणून चिपवरची अक्षरं भिंगाने वाचावीत. लिहिण्यासाठी व्हिवाडो आधी स्वतःचं छोटं डिझाइन चिपमध्ये भरतं, त्यामुळे आधीचं चालतं काम थांबतं. लिहून झाल्यावर प्रोग बटण दाबावं किंवा वीज बंद-चालू करावी. चिप कुठून भरायची ते ठरवणारा बोर्डावरचा जंपर जेटॅगवर राहिला असेल तर फ्लॅश बरोबर लिहूनही चिप ती वाचत नाही. तो कायम क्यूएसपीआयवर, म्हणजे फ्लॅशवर, ठेवला तरी चालतं, जेटॅग तेव्हाही उघडाच असतो. डन दिवा लागला म्हणजे चिप भरली, इतकंच. डिझाइन बरोबर आहे याची ती खूण नव्हे.

आमच्या मते सगळ्यांत घातक सवय वेगळीच आहे. पिनांची माहिती अपुरी असली की व्हिवाडो एनएसटीडी-१ आणि यूसीआयओ-१ या त्रुटी दाखवून बिटस्ट्रीम अडवतं. त्या त्रुटींना नुसता इशारा ठरवणारी ओळ कुठून तरी उचलून चिकटवली जाते. मग व्हिवाडो जागा न ठरवलेला सिग्नल मनाला येईल त्या पिनवर टाकतं, आणि तिथे दुसऱ्या चिपचं आउटपुट असेल तर दोन्ही एकमेकांवर जोर लावतात. ३.३ व्होल्टच्या पिनला ५ व्होल्टचा सेन्सर थेट जोडणं हेही त्याच जातीचं. एक आणि दोन किलोओहमचे दोन रेझिस्टर लावून व्होल्टेज वाटून घेतलं की चिप वाचते.

नागपूरसाठी आणखी एक गोष्ट महत्त्वाची. टायमिंग अहवालात डब्ल्यूएनएस (सर्वांत हळू मार्गाकडे उरलेली वेळ) उणे असला तरी बिटस्ट्रीम निघतो, फक्त इशारा मिळतो. असं डिझाइन डिसेंबरात नीट चालतं आणि मे महिन्यात ४५ अंशांच्या उन्हाळ्यात, बंद डब्यात अधूनमधून चुकीचे आकडे देऊ लागतं. दोष कोडमध्ये शोधत बसतात. १०० मेगाहर्ट्‌झच्या घड्याळाला १० नॅनोसेकंदांची अट लिहिलीच नसेल, तर ते टायमिंग तपासलंच जात नाही. चिपच्या आतलं तापमान व्हिवाडोच्या हार्डवेअर मॅनेजरमध्ये थेट दिसतं; साध्या व्यावसायिक दर्जाच्या चिपसाठी मर्यादा ८५ अंशांची आहे.

जुनी स्पार्टन-३ किटं त्यासाठी मोडीत काढायची गरज नाही. त्यांना व्हिवाडो चालत नाही, २०१३ ची आयएसई १४.७ ही जुनी सॉफ्टवेअर आवृत्ती लागते; फ्लॅश लिहायचं काम तिथे तिच्यातलं इम्पॅक्ट हे साधन करतं.

अभ्यास मंडळांनी दोन गोष्टी सक्तीच्या कराव्यात: प्रत्येक प्रयोगाच्या नोंदीत डब्ल्यूएनएसचा आकडा, आणि प्रात्यक्षिकाचे गुण देण्याआधी परीक्षकासमोर संगणकाची केबल काढून, बोर्डाला मोबाइलच्या चार्जरवर चालू करून दाखवणं.

— एफपीजीए व व्हीएलएसआय शिकवणारे काही प्रशिक्षक, नागपूर