बडोगच्या पायऱ्या उतरवणाऱ्या भाईजींना

भाईजी, सादर नमस्कार.

पत्र मराठीत लिहिते आहे, कारण मनातलं मला याच भाषेत नीट सांगता येतं. लिपी तुमचीच आहे. मोठ्याने वाचा, निम्मं आपोआप कळेल.

कालका-शिमला गाडीचं आरक्षण आम्हाला मिळालं नव्हतं. बाबांची नोकरी सगळी सिंगल लाइनवर, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांना एकच रूळमार्ग असलेल्या लाइनवर, स्टेशन मास्तर म्हणून. १९०३ साली सुरू झालेला हा मार्ग एकदा डोळ्यांनी बघायचा, असं ते निवृत्त झाल्यापासून म्हणत आले. त्यामुळे त्या ऑक्टोबरच्या सकाळी कालक्याला तुमच्या टॅक्सीत बसताना ते अगदी गप्प होते. तुम्ही कारण विचारलंत आणि म्हणालात, "बाबूजी, गाड़ी नहीं मिली तो क्या, स्टेशन तो मिलेंगे."

मग काही तासांचा तो रस्ता आपण दिवसभर पुरवला. धरमपूर, बडोग, सोलन, कंडाघाट. पाऊस सरलेला, आभाळ लख्ख, घरांच्या छपरांवर मक्याची पिवळी कणसं वाळत घातलेली. कनोहचा चार मजली कमानींचा पूल बाबांना चालत जाऊन बघणं झेपणार नव्हतं, तो तुम्ही मोबाइलमधल्या फोटोंत दाखवलात.

बडोगचं स्टेशन महामार्गाच्या बरंच खाली. बाबांचे गुडघे बघून मी म्हणाले, वरूनच बघू. तुम्ही काही न बोलता त्यांचा हात आपल्या खांद्यावर घेतलात आणि एकेक पायरी मोजत त्यांना खाली नेलंत. ११४३ मीटर लांबीच्या त्या बोगद्याच्या तोंडाशी गार वारा अंगावर आला. दोन्हीकडून खणत आलेला आधीचा बोगदा मधे जुळलाच नाही, म्हणून बरोग नावाच्या इंग्रज अभियंत्याला एक रुपया दंड झाला, तो अपमान सोसवेना म्हणून त्याने जीव दिला, आणि पुढे नव्या बोगद्याची वाट बाबा भलकूंनी दाखवली, अशी तुमच्याकडे सांगतात ती कथा तिथेच ऐकली.

तेवढ्यात स्टेशनातली घंटी वाजली. बाबा वळूनही न बघता म्हणाले, "लाइन क्लिअर." आणि तुम्ही विचारलंत, "वो क्या होता है, बाबूजी?"

पुढचा अर्धा तास बाबा बोलत होते. दोन स्टेशनांची टोकन यंत्रं तारेने कशी जोडलेली असतात, पलीकडच्या मास्तरने होकार, म्हणजेच लाइन क्लिअर, दिल्याशिवाय टोकनचा लोखंडी गोळा कसा बाहेर पडत नाही, एक गोळा बाहेर असताना दुसरा निघतच नाही, आणि तो हाती आल्याशिवाय ड्रायव्हर गाडी का हलवत नाही. रात्रपाळीत गोळ्याची पिशवी घेऊन पावसात धावणारे पॉइंट्समन, म्हणजे स्टेशनात रूळ बदलणारे कामगार, त्यांना आठवले. त्यातल्या दोघांची नावं घेताना त्यांचा आवाज कापरा झाला.

भाईजी, मी त्यांची मुलगी. रेल्वे क्वार्टरमध्ये वाढले. पण हे मी त्यांना कधी विचारलं नव्हतं. तुम्ही विचारलंत, आणि भाड्याची दुसरी फेरी बुडत असतानाही शेवटपर्यंत ऐकलंत. आभार मानायचे आहेत ते त्या अर्ध्या तासाचे.

आता रोज संध्याकाळी मी त्यांना एखादं स्टेशन विचारते आणि वहीत लिहून घेते. तिसरी वही सुरू आहे.

पुढच्या शरदात आरक्षण मिळालं तर आम्ही गाडीने येऊ. बडोगला गाडी थांबली की फलाटावर या. बाबा खिडकीत असतील.

तुमची,
बाबूजींची मुलगी