आर्मेनियाला जाण्यापूर्वी द्राम ओळखा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

भारतातून बरेच विद्यार्थी वैद्यकीय शिक्षणासाठी आर्मेनियाला जातात. कोल्हापुरातील पालक प्रवेश, व्हिसा, वसतिगृह यांची कसून चौकशी करतात; तिथल्या चलनाचा विषय मात्र क्वचितच निघतो.

नोव्हेंबर १९९३ मध्ये रूबलच्या जागी आलेले द्राम हे तिथले चलन. नाणी १० पासून ५०० द्रामपर्यंत असून, २०१८ पासून आलेल्या नव्या मालिकेतील नोटा १,००० पासून ५०,००० पर्यंत आहेत. त्यामुळे आकडा मोठा दिसला म्हणून गांगरू नये, आणि आपल्याकडे नाण्यांना चिल्लर समजण्याची सवय असली तरी तिथे ५०० चे दुरंगी नाणे निष्काळजीपणे खर्चू नये. २०,००० ची नोट छोट्या दुकानात मोडणे अवघड, म्हणून बँकेतूनच लहान नोटा मागून घ्याव्यात. रुपयांवर विसंबण्यापेक्षा डॉलर किंवा युरो न्यावेत आणि विमानतळावर गरजेपुरतेच बदलून उरलेले शहरात दर पाहून बदलावेत.

बुद्धिबळप्रेमींसाठी विशेष म्हणजे २,००० च्या नोटेवर जगज्जेते तिग्रान पेट्रोसियान आहेत. खेळाडूला नोटेवर मिळालेला हा मान मला फार मोलाचा वाटतो.

आपला,
एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर