प्रबंध तपासा, पण आधी विद्यार्थ्याला विचारा

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

प्रबंधातले वाङ्मयचौर्य तपासलेच पाहिजे, याबद्दल दुमत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे इतरांच्या लेखनाशी साम्य १० टक्क्यांपेक्षा जास्त, पण ४० टक्क्यांपर्यंत निघाले, तर प्रबंध सहा महिन्यांच्या आत दुरुस्त करून द्यावा लागतो. ६० टक्क्यांच्या वर गेले, तर नोंदणीच रद्द होते. इतके गंभीर परिणाम असलेल्या तपासणीसाठी सॉफ्टवेअरमध्ये दिलेली फाईल कुठे जाते, कोण ठेवून घेते, हे ओळखीच्या संशोधक विद्यार्थ्यांना विचारले तर बहुतेकांना सांगता येत नाही.

ही काळजी खानदेशात जास्तच वाटते. इथले कितीतरी संशोधन माणसांच्या तोंडून उभे राहते. धडगाव-अक्कलकुव्यातील सिकलसेलचे रुग्ण, ऊसतोडीला जाणारी कुटुंबे, अहिराणी ओव्या सांगणाऱ्या आजीबाई. कच्च्या मसुद्याच्या परिशिष्टात त्यांची नावे, गावे, आजारपणे जशीच्या तशी असतात. त्यांनी विश्वासाने सांगितले ते समोर बसलेल्या मुलाला, एखाद्या खासगी कंपनीच्या सर्व्हरला नव्हे.

प्रबंध पुढे ‘शोधगंगा’ या प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारात सर्वांसाठी खुला होतोच, मग लपवायचे काय, असे काही प्राध्यापक म्हणतात. मला हे पटत नाही. तिथे जातो तो पदवी मिळाल्यानंतरचा, नीट केलेला प्रबंध. कच्चा मसुदा ही वेगळी गोष्ट आहे.

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. संस्थांवरच्या मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू होणार आहेत. संमती मुक्त, विशिष्ट आणि माहिती देऊन घेतलेली असावी, आणि ती मागणारी सूचना राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील भाषेत, म्हणजे मराठीतही मिळावी, असे हा कायदा सांगतो. प्रवेशाच्या वेळी इंग्रजी हमीपत्राच्या गठ्ठ्यावर घेतलेली सही त्यात कशी बसेल? अहिराणी त्या अनुसूचीत नाही याची खंत आहेच, पण निदान मराठी तरी द्या.

मागणी साधी आहे. तपासणीआधी विद्यार्थ्याला मराठीत एक पानाची सूचना मिळावी: सॉफ्टवेअर कोणते, मसुदा साठवला जाणार का, किती काळ, काढून टाकायचा तर अर्ज कोणाकडे. मुलाखती दिलेल्यांची नावे आधी गाळायला सांगावे. मसुदा न साठवता तपासण्याची सोय काही सॉफ्टवेअरमध्ये असते. कच्च्या मसुद्यासाठी तीच वापरावी. नाहीतर तोच मसुदा पुढे अंतिम प्रबंधाशी जुळतो आणि विद्यार्थ्याला स्वतःच्याच लेखनाचा खुलासा करत बसावे लागते.

खानदेशातल्या तिन्ही जिल्ह्यांतील संशोधन केंद्रांनी कायद्याच्या तारखेची वाट न पाहता येत्या सत्रापासूनच हे सुरू करावे, ही कळकळीची विनंती.

आपला,
एक निवृत्त प्राध्यापक, अमळनेर (जि. जळगाव)